न टेकलेला कापूस

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर जी शांतता पसरली ती तिच्या ओळखीची नव्हती. गेली तेवीस वर्षं, दर सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, ती अशीच स्टुलावर बसत आली होती. उजवा हात टेबलावर उताणा, डोळे मिटलेले, आणि समोर कुणीतरी विद्यार्थी कापसाचं पिळून बारीक केलेलं टोक तिच्या त्वचेवर टेकवणारा. टेकलेलं कळलं की 'हो' म्हणायचं, एवढीच ती परीक्षा. 'हो'च्या पाठोपाठ पेन्सिलीची खरखर यायची, हाताच्या छापील चित्रावर खूण व्हायची, मग पुढचा बिंदू. हो, खरखर, हो, खरखर. या लयीत ती वर्गातल्या वर्गात थोडी विसावूनही घेई. आज खरखर आली नाही. मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं आणि अगदी जवळून एक बारीक, चाचरता आवाज म्हणाला, "मॅडम, मी अजून टेकवलाच नाहीये."

तिने डोळे उघडले. कापूस तिच्या तळहातापासून वीतभर वर, हवेत थांबला होता. तो धरणाऱ्या मुलीला वर्गात सगळे मुंगी म्हणत. चणीने लहान म्हणून, आणि कुठलंही काम हातात घेतलं की त्याचा कण न् कण वाहून नेल्याशिवाय सोडत नाही म्हणूनही. चाळीस मुलं हसत होती. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. आपले शिक्षक चुकले की मुलांना जो एक गोड दिलासा मिळतो, तेवढाच होता. "मॅडम आपल्याला गंडवून बघतायत रे," कुणीतरी म्हणालं, आणि तिने तो आयता आलेला दोर पकडला. "शाब्बास. कुणाच्या लक्षात येतं तेच बघत होते." आपला आवाज किती सहज निघाला हे तिने दुसऱ्याचा ऐकावा तसा ऐकला. वर्गाला ते पटलं. मुंगी मात्र हसली नाही. "पुस्तकात दिलंय मॅडम," ती म्हणाली. "मधूनमधून न टेकवता नुसतं थांबायचं. म्हणजे पेशंट अंदाजाने बोलत असेल तर पकडता येतं. आपल्या लेक्चरमध्ये ते नव्हतं झालं." "राहून गेलं असेल." "हो मॅडम. आणि अजून एक." इथे मुंगीने आवाज इतका खाली आणला की तो टेबलाच्या पलीकडे जाऊ नये. "करंगळीवर मी तीनदा टेकवला. तिथे तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मला वाटलं माझंच चुकतंय. मग काय लिहू?"

घंटा झाली. घंटेने आजवर तिला पुष्कळ गोष्टींतून सोडवलं होतं. "राहू दे, दे इकडे," असं म्हणून तिने तो कागद मुंगीच्या हातून घेतला. निरोगी हाताचा नमुना-तक्ता. उद्या सकाळी तिची सही होऊन तो फळ्याशेजारी लागायचा होता आणि चाळीस वह्यांत उतरायचा होता. पुढे वर्षभर ही मुलं झटका आलेल्या, यंत्रात सापडलेल्या, भाजलेल्या माणसांचे हात तपासणार आणि प्रत्येक हात या हाताशी ताडून बघणार. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तळव्याचा खोलगा, सगळीकडे मुंगीच्या नेटक्या खुणा होत्या. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची अर्धी कड तेवढी कोरी होती. जमिनीच्या नकाशावर मालक न सापडलेल्या तुकड्यासारखी.

राहून गेलं असेल. राहून गेलेलं नव्हतं. न टेकवता थांबण्याचा तो नियम तिने पाच वर्षांपूर्वी आपल्या व्याख्यानातून, नाजूक शिरेला धक्का न लावता आजूबाजूची चरबी काढावी तितक्या हलक्या हाताने, काढून टाकला होता. आधी ती तो शिकवताना रंगून जायची. "माणूस लबाड नसतो," ती मुलांना सांगायची, "पण त्याला पास व्हायचं असतं. तुमच्या चेहऱ्यावर त्याला आनंद बघायचा असतो. म्हणून त्याला एकदा रिकामं सोडा. त्या रिकाम्या क्षणी तो काय बोलतो, ते त्याचं खरं उत्तर." मुलं लिहून घ्यायची. नंतरच्या वर्षी त्या वाक्यांच्या जागी ती सरळ पुढच्या मुद्द्यावर गेली, आणि कुणालाही तिथे काही तुटल्याचं जाणवलं नाही. माणसाच्या आत किती गोष्टी अशा काढून घेतल्या जातात आणि वरची कातडी जशीच्या तशी मिटून येते.

शवविच्छेदनाच्या खोलीत दुपारचं सपाट ऊन उंच खिडक्यांतून येऊन स्टीलच्या टेबलांवर पडलं होतं. फॉर्मलिनचा वास तिला आता येत नसे. घरी गेल्यावर केसांतून आला तर येई. या खोलीचा कारभार ज्याच्याकडे होता त्या सेवकाला पिढ्यान् पिढ्यांची मुलं कवटीमामा म्हणत आली होती. तो हाडांचे खोके आवरत होता. मनगटातली आठ लहान हाडं दोऱ्यात न ओवता सुटी ठेवायची ही तिचीच पद्धत. हाताने चाचपून ओळखता यायला हवीत, चित्रावरून नव्हे, असा तिचा आग्रह. "बाई, एक कमी भरतंय," कवटीमामा म्हणाला. "ते वाटाण्याएवढं. दरवर्षी तेच पळतं. हातभर लांबीची मांडीची हाडं कधी हरवत नाहीत बघा, हरवायला पण नशीब लागतं." "कुणा पोराच्या खिशात गेलं असेल." "खिशात कशाला," तो तिच्याकडे बघत राहिला. "तुमच्या मुठीत काय आहे?"

तिने हात वर केला. करंगळी आणि अनामिका आपोआप थोडी वाकलेली असत, ती किती दिवसांपासून वाकलेली असत हे तिला सांगता आलं नसतं. त्या दोन बोटांच्या बेचक्यात ते हाड बसलं होतं. केव्हा उचललं, कशासाठी, काही आठवेना. डोळ्यांना ते स्पष्ट दिसत होतं, पिवळसर, गुळगुळीत. पण बोटांना ते माहीत नव्हतं. तिच्या हातात एक वस्तू होती आणि हातापर्यंत तिची बातमी पोचली नव्हती. "वय झालं बाई आपलं," कवटीमामा समजुतीने म्हणाला. "मी परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. सून म्हणाली, मामंजी, आता डोकं कुठे ठेवलंय ते तेवढं बघून ठेवा." ती हसली. हसायला हवं तितकंच हसली. तो पाठमोरा झाल्यावर तिने हात उजेडात पालथा धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली मांसल उशी खाली बसली होती. तिथे एक उथळ खड्डा होता. असला खड्डा तिने शेकडो मुलांना इतरांच्या हातावर बोट ठेवून दाखवला होता. त्यांच्या भाषेत त्याचं निदान एका ओळीचं: कोपराच्या मागच्या खोबणीतून करंगळीकडे जाणारी नस दबली आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून. मनगटाशी दबली असती तर हाताच्या पाठीवरचा स्पर्श शाबूत राहिला असता. तिने तिथे, करंगळीच्या मुळाशी, नख ओढलं. नखाला त्वचा लागली. त्वचेला नख लागलं नाही. ती घाबरली नाही, आणि न घाबरल्याचं तिला किंचित नवल वाटलं, तेही लांबून, शेजारच्या घरात काहीतरी पडल्याचा आवाज यावा तसं.

कोपर कुठे टेकलं असेल इतकं? खिडकीच्या कठड्यावर, टेबलाच्या कडेवर, तपासायच्या वह्यांच्या ढिगाऱ्यावर. आणि त्या खुर्चीच्या लाकडी हातावर. बाबांना झटका आला त्या वर्षी ती खुर्ची त्यांच्या पलंगाशी हलवलेली होती, आणि ती त्यावर उजवं कोपर टेकून, गाल मुठीवर ठेवून तासन् तास बसे. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. शहराच्या अर्ध्या रस्त्यांना त्यांचं वळण होतं. उभी रेघ सरळ यावी म्हणून ते करंगळी पाटीवर टेकवत आणि तिच्या आधारावर सगळा हात पक्ष्यासारखा तोलून धरत. "सगळी करामत करंगळीची," ते म्हणत. "बाकीची चार बोटं नुसती मिरवायला." लहानपणी तिला वाटे, रंग ब्रशातून येत नसून त्या टेकवलेल्या बोटातून येतो. मग एका सकाळी ती उजवी बाजू गेली. हालचाल हळूहळू परतली, बोटं मिटू लागली, पेला धरू लागली. स्पर्श मात्र परतला की नाही ते बाहेरून दिसत नाही, ते विचारावं लागतं. ती रोज संध्याकाळी विचारायची. बाबा डोळे मिटून घेत, ती कापूस टेकवी, आणि ते 'हो' म्हणत. आधी दहात दोनदा. मग पाचदा. मग एका आठवड्यात दहाच्या दहा. त्या संध्याकाळी तिने तक्ता भरला, तिच्याच जुन्या विद्यार्थ्याकडे, जो बाबांवर उपचार करत होता, पाठवला, आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने घरातली कामं हळूहळू सुरू करायला हरकत नाही असं लिहून दिलं. न टेकवता थांबण्याचा नियम तिला माहीत होता. तो तिने त्या महिन्यांत एकदाही पाळला नाही. ज्यांनी तिला बोट धरून चालायला शिकवलं त्यांच्यासाठी सापळा मांडायचा, त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर रिकामा कापूस धरून ते खोटं बोलतात का ते बघायचं, हे तिच्याने झालं नाही. प्रेमापोटी असं तेव्हा तिला वाटलं होतं. पुढच्या रविवारी ती आतल्या खोलीत वह्या तपासत होती आणि बाहेरून बाबांनी हाक मारली, अगदी नेहमीच्या आवाजात, "अगं, काहीतरी जळतंय बघ." ती बाहेर आली. ते शर्टाला इस्त्री करत होते. डाव्या हातात इस्त्री होती, उजव्या हाताने कापड ताणून धरलं होतं, आणि इस्त्रीचं टोक त्या हाताच्या करंगळीकडच्या कडेवर उभं होतं. बाबा स्वयंपाकघराच्या दिशेने बघत होते.

कुणी तिला काही विचारलं नाही. डॉक्टरांनी अपघात लिहिला. जुना विद्यार्थी दोनदा येऊन, मान खाली घालून, माझ्याकडूनच घाई झाली मॅडम, असं म्हणून गेला, आणि तिने त्याला तसं म्हणू दिलं. हेही ती त्या दिवसापासून कोपराखाली दाबून बसली होती. पहिल्यांदा झिणझिण्या येतात, ती मुलांना सांगत असे. तेव्हा ऐकलं तर नस वाचते. नाही ऐकलं तर झिणझिण्या थांबतात, आणि माणसाला वाटतं, बरं झालं.

ती घरी पोचली तेव्हा उजेड अजून होता. बाबा खिडकीपाशी, जुन्या खडबडीत कागदावर, डाव्या हाताने अक्षरं गिरवत होते. पाच वर्षं ते रोज गिरवत होते. डाव्या हाताची अक्षरं वाऱ्यात उभ्या माणसांसारखी एका अंगाला झुकत, आणि ते त्यांना पटत नसे. "कामाला लावलीस का पोरं?" त्यांनी मान वर न करता विचारलं. माणसाला पुन्हा रोजच्या कामांपाशी आणून सोडणं हे तिच्या मुलांचं शिक्षण आहे हे समजल्यापासून त्यांचा हा ठरलेला विनोद होता. "लावली." "आणि तुला कुणी लावलं? चेहरा बघ. पाटीवरचा रंग सुकला की दिसतो तसा झालाय." तिने पिशवी खाली ठेवली, तक्ता बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला, पुन्हा काढला. मग त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तेव्हा मी रोज कापूस लावून बघायचे. तुम्हाला कळायचा?"

त्यांचा हात थांबला. एक अक्षर अर्धं राहिलं. उजव्या हाताच्या कडेवरचा तो डाग, वर निमुळता होत गेलेला, कागदावर पालथा पडला होता. "आज कुठून आठवलं हे?" "सांगा ना." "कापूस नाही कळायचा. तुझा श्वास कळायचा. टेकवायच्या आधी तू श्वास रोखायचीस. लहानपणी माझ्याजवळ बसून रेघ बघताना रोखायचीस तसा. मग मी हो म्हणायचो, की तू सोडायचीस. केवढा मोठा सोडायचीस."

"रोज?"

"आधी दहात दोनदा म्हणायचो. एकदम सगळे म्हटले असते तर तुला संशय आला असता." त्यांच्या डोळ्यांत जुनी खट्याळ चमक येऊन गेली. "अगं, कारागीर माणूस मी. काम बेताबेतानेच वाढवत नेलं. वाटायचं, तोवर खरंच कळायला लागेल. मग हो म्हणायची सवयच लागली. आतून कळतंय की नुसतं तोंड म्हणतंय, माझं मलाच समजेना."

"आणि भाजलं तेव्हा?"

"तेव्हा वास आला."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं; तिचा एकसुरी इशारा काही वेळ वाजत राहिला आणि थांबला. "मी एकदा जरी न टेकवता थांबले असते बाबा," ती म्हणाली, "तर तुम्ही हो म्हणाला असता. आणि मला कळलं असतं. तसं करायचं असतं. मला ठाऊक होतं. ठाऊक असून केलं नाही. तो पोरगा अजून समजतो की त्याची घाई झाली." हे सगळं तिने एका पट्टीत सांगितलं, व्याख्यानातले मुद्दे सांगावेत तसं, आणि मोठं काही मोडून पडेल अशी वाट बघितली. काही मोडलं नाही. बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला, पेल्याच्या काठावर निथळवला. "बापाला चोर ठरवायचं जिवावर आलं तुझ्या," ते म्हणाले. "आणि लेकीला नापास करायचं माझ्या. दोघांनी मिळून हात भाजला. त्या पोराला मात्र एक फोन कर. त्याचं त्यात काही नव्हतं." "करते." "आज कर. तू करते म्हणतेस तेव्हा मला तुझा पण भरवसा नाही."

तिने औषधांच्या डब्यातून कापूस आणला, टोक पिळून बारीक केलं आणि त्यांच्या डाव्या हातात दिलं. उजवी बाही कोपरापर्यंत सारून हात कागदावर उताणा ठेवला. त्या झुकलेल्या अक्षरांवर तिचा तळवा पडला. "आता माझा बघा." ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्या अंगठ्यालगतच्या खड्ड्याकडे. पाट्या रंगवणाऱ्याच्या नजरेतून कुठल्याही पृष्ठभागावरचा पोचा सुटत नाही. "नियम काय?" "कधी टेकवायचा. कधी नुसतं थांबायचं. केव्हा काय केलंत ते मला सांगायचं नाही." "सापळाच की." "हो." "बरं. मीट डोळे."

अंधारात आधी सगळं घर आलं. फ्रिजची घरघर, नळाचा थेंब, बाबांच्या बाहीचा कागदावर घासणारा आवाज. मग अंगठ्यावर काहीतरी अगदी हलकं, स्वच्छ, थंड असं उमटलं, आणि ते पूर्णपणे तिचं होतं. "हो." पेन्सिल खरखरली. तर्जनीवर. "हो." मधल्या बोटावर. "हो." मग बाबांचा श्वास थांबला. तिला तो थांबलेला ऐकू आला. रेघ ओढण्याआधी ते नेहमी असाच रोखत. सगळी खोली त्या रोखलेल्या श्वासाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. आता टेकवला असेल. टेकवलाच असेल. 'हो' तिच्या जिभेवर येऊन तयार होतं, इतक्या वर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेलं, नुसते ओठ उघडायचा अवकाश. म्हटलं तर बाबांचा श्वास सुटणार होता. त्यांना बरं वाटणार होतं. तिने शोधलं. करंगळीच्या दिशेने आपल्याच हातात चालत गेली, तळव्याच्या कडेपर्यंत, आणि तिथून पुढे रस्ता नव्हता. पुढे काही नव्हतं, दुखणंसुद्धा नाही. ती गप्प राहिली. श्वास सुटला नाही. ती गप्प राहिली. वाट बघणं किती लांब असू शकतं हे तिला, तपासणारीला, कधी माहीतच नव्हतं. शेवटी बाबांचा श्वास हळूच, तुकड्यातुकड्यांनी बाहेर आला. "उघड," ते म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कापूस तिच्या करंगळीवर पडलेला होता. पांढरा, हलका, टोक किंचित उलगडलेलं, कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा.

"केव्हापासून?"

"श्वास रोखला त्याच्या आधीपासून."

तिने डाव्या हाताने तो उचलला. मग तक्ता पुढे ओढला आणि मुंगीने कोऱ्या ठेवलेल्या जागांत शाईच्या पेनाने शून्य भरलं. करंगळी, शून्य. अनामिकेची करंगळीकडची कड, शून्य. हाताची पाठ, करंगळीच्या मुळाशी, शून्य. वर छापलेल्या 'निरोगी हात' या शब्दांतला पहिला शब्द तिने एका रेघेने खोडला. खाली लिहिलं, 'मधूनमधून न टेकवता थांबावे,' आणि सही केली. सही करून हात उचलताना ओली शाई कडेला लागून एक निळा पट्टा कागदभर ओढला गेला. बाबा म्हणाले, "फासलंस बघ," तेव्हा तिने हात उलटा करून पाहिला, आणि पाहिल्यावर तिला समजलं. "पाटीवर असं झालं असतं तर पुसून पुन्हा काढायला लावली असती तुला." "राहू दे," ती म्हणाली. "उद्या मुलांना दाखवायला बरं." मग ती उठली, आणि जुन्या विद्यार्थ्याचा नंबर शोधायला फोन कुठे ठेवला होता ते बघू लागली. तो तिच्या उजव्या हातातच होता का, हे आधी तिने डोळ्यांनी पाहून घेतलं.